चार गोलांचा माणूस

(सूरजागडच्या पायथ्याशी, गुरुजींच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना बरेच शब्द खर्च केले. त्यातले निम्मे परत करतो. मी मूळचा चांद्याचा. पोटासाठी मुंबईला गेलो आणि वर्तमानपत्रात खेळाचं पान लावता लावता म्हातारा झालो, एवढीच माझी ओळख. काल आलापल्ली सोडल्यापासून समोरून येणाऱ्या लोहदगडाच्या ट्रकांनी माझा पांढरा सदरा असा काही रंगवलाय की आता मीही इथलाच दिसतो.

आज सकाळी लवकर उठून शाळेच्या मैदानावर गेलो. दहा-बारा पोरं फुटबॉल खेळत होती. चेंडूचं कातडं गेलेलं, आतला ब्लॅडर एका बाजूनं आवाळूसारखा बाहेर आलेला, त्यामुळे चेंडू सरळ मारला तरी डावीकडे जायचा. पोरांना ते पाठ होतं, ती उजवीकडे बघून मारत होती. सगळी अनवाणी. मी एकाला विचारलं, बूट नाहीत का रे? तो म्हणाला, आहेत की, ते काय तिथे. शाळेनं दिलेले काळे बूट दोन-दोनच्या जोडीनं मैदानाच्या दोन्ही टोकांना ठेवलेले. ते गोलपोस्ट होते.

तेव्हाच ठरवलं की आजचं व्याख्यान बुटांपासून सुरू करायचं.

पत्रात आयोजकांनी विषय दिला होता, ‘एका खेळाडूची कारकीर्द’. बहुतेकांना वाटलं असेल, हा खाशाबा जाधवांवर बोलणार. बोललो असतो. गोळेश्वरचा पैलवान, १९५२ सालचं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण खाशाबांचं नाव उशिरा का होईना, महाराष्ट्राच्या तोंडी बसलंय. मला आज बोलायचंय त्यांच्यानंतरच्या ऑलिंपिकमध्ये, १९५६ साली मेलबर्नला गेलेल्या एका मुंबईकराबद्दल. नेव्हिल डिसोझा. किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. ...तीन. त्यातले एक आपले सूत्रसंचालक, आणि त्यांना मी काल रात्री जेवताना सांगितलंय.

नेव्हिलचा आणि या डोंगराचा संबंध काय, असं कुणी विचारेल. ओढूनताणून नाही, खरंच एक धागा आहे. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या हातात एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल पडला. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना चालेल का. अहवालात लोहाऱ्याच्या खनिजाची तारीफ होती, जवळ वरोऱ्याचा कोळसा होता. टाटांच्या डोक्यात पोलाद शिरलं ते या अहवालातून. वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही, सरकारच्या अटीही जाचक होत्या, बेत बारगळला. पुढे कारखाना झाला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. आपण चांदेकरांनी अजून त्याचा हिशेब कुणाकडे मागितलेला नाही, तो भाग वेगळा. (सूरजागडचा दगड तेव्हा तसाच राहिला. त्याची पाळी कशी आली, ते या रस्त्यावर राहणाऱ्यांना मी काय सांगणार?) पण पोलादाच्या पैशातून जे उभं राहिलं त्यात टाटा स्पोर्ट्स क्लबही होता, आणि त्या क्लबकडून मुंबईच्या मैदानात खेळणाऱ्यांपैकी एक होता नेव्हिल डिसोझा.

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, भायखळा. या भागात गोवेकरांच्या ‘कुडी’ असायच्या. एकेका गावाचं मिळून एकेक घर. बोटीवर काम करणारा, बँडमध्ये वाजवणारा, आचारी, शिंपी, सगळे तिथे ट्रंक ठेवायचे. या समाजाचे दोन नाद, गाणं आणि फुटबॉल. नेव्हिलचा जन्म १९३२ सालच्या ऑक्टोबरमधला, घराणं गोव्याचं. त्याचा भाऊ डेरेक, तोही पुढे भारताकडून खेळला. एका घरातून भारताचे दोन फुटबॉलपटू निघाले. आज घरटी एक निघाला तरी आपण गावाच्या वेशीवर कमान उभारू.

कूपरेज हे त्या मुंबईचं फुटबॉलचं देऊळ. तिथे हारवूड लीग चालायची, तिथे रोव्हर्स कप व्हायचा. रोव्हर्स ही १८९१ सालापासूनची स्पर्धा, सुरुवातीला गोऱ्या पलटणींची. आमच्या काळापर्यंत ती गरीब माणसाची दुपार झाली होती. संघ कंपन्यांचे असत. खेळाडू म्हणजे कारकून, स्टोअरकीपर, तेल कंपनीतला माणूस. सकाळी हजेरीच्या वहीत सही, दुपारनंतर मैदान. नोकरी खेळामुळे मिळे आणि खेळ नोकरीमुळे टिके. हल्ली कोट्यवधींचे करार होतात. त्या वेळी खेळाडूला हवी असायची ती ‘परमनंट’ची चिठ्ठी. तेवढ्यावर माणूस लग्न करत असे, खोली घेत असे.

आता बूट.

१९४८ साली लंडनला भारतीय फुटबॉल संघ खेळला तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सनं आपल्याला २-१ नं हरवलं. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, तरीही इंग्लंडच्या लोकांनी या अनवाणी पायांचं कौतुक केलं. कौतुक असं असतं, ते हरणाऱ्याला परवडतं. चार वर्षांनी हेलसिंकीला थंडी होती आणि समोर युगोस्लाव्हिया होता. १०-१. दहा! मग मात्र महासंघाला जाग आली आणि बूट सक्तीचे झाले. म्हणजे मेलबर्नला गेलेला संघ हा ऑलिंपिकमधला आपला पहिला पूर्ण बूटवाला संघ. सकाळी मी ज्या पोरांना टोकलं, त्यांना सांगून ठेवतो: तुमचे बूट गोलपोस्ट आहेत यात कमीपणा काही नाही, पण युगोस्लाव्हिया आला तर ते पायात घाला.

या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शाळामास्तर. ज्यांच्या नावानं आपण आज जमलो आहोत ते गुरुजीही मास्तरच होते, म्हणून रहीमसाहेबांबद्दल जरा थांबून बोलतो. हा माणूस पोरांसाठी अजब स्पर्धा भरवायचा. एका स्पर्धेत नियम असा की ज्याचा जो पाय कच्चा, त्यानं त्याच पायानं मारायचं. दुसरीत नियम असा की चेंडू पायात घोळवायचा नाही, आला की दिला. दहा-बारा वर्षांच्या पोराला चेंडू पायात घोळवायला मिळाला नाही की तो रुसतो. रहीमसाहेब म्हणत असतील, रुसू दे. त्यांच्या हैदराबाद पोलिस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं कूपरेजवर येऊन मुंबईचा रोव्हर्स कप उचलून नेला. मुंबईकरांनी हे पाच वर्षं डोळ्यांनी पाहिलं. नेव्हिलसारख्या आघाडीच्या खेळाडूला ‘आला की दिला’चा धडा त्यातून मिळाला नसता तरच नवल. हल्ली रहीमसाहेबांवर ‘मैदान’ नावाचा हिंदी सिनेमा आला, तो तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर पाहिला असेल. सिनेमाला शेवट विजयाचा लागतो, म्हणून त्याचा भर १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांतल्या सुवर्णपदकावर. मेलबर्नला पदक नव्हतं, त्यामुळे ते मागे पडलं.

मेलबर्नमध्ये ऑलिंपिक झालं २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १९५६. तिकडे तेव्हा उन्हाळा. (घोडदौडीच्या स्पर्धा मात्र त्याच साली जूनमध्ये स्वीडनला उरकून घेतल्या होत्या, कारण ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम परदेशी घोड्यांना आत येऊ देत नव्हते. माणसांना चाललं, घोड्यांना नाही.) आपला पहिला सामना हंगेरीशी होता. हंगेरीत उठाव झाला, रशियन रणगाडे आले, हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपण न खेळता उपांत्यपूर्व फेरीत पोचलो, आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

१ डिसेंबर. ऑलिंपिक पार्क मैदान. कप्तान समर बॅनर्जी, बंगालचे; सगळे त्यांना बद्रू म्हणत. आघाडीत नेव्हिल, पी. के. बॅनर्जी, किट्टू ऊर्फ कृष्णस्वामी.

या सामन्यातल्या गोलांची मिनिटं मला तोंडपाठ आहेत, आणि ती मी तुम्हाला तशीच म्हणून दाखवणार आहे, कारण त्या आकड्यांतच सगळं नाटक आहे. नवव्या मिनिटाला नेव्हिल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाचा ब्रूस मॉरो, बरोबरी. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल. एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. लक्षात आलं का? दोन्ही वेळा आठच मिनिटं. आपण पुढे जायचं आणि आठ मिनिटांत ते कॉलर धरून मागे ओढायचे. मध्यांतराला २-२. अशा वेळी संघ खचतात, मी शेकडो सामन्यांत पाहिलंय. पुढे गेलेल्या माणसाला मागे ओढलं की त्याच्या पायात माती भरते. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलनं तिसरा गोल केला. या वेळी आठ मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली, मॉरो आला नाही. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूनं चौथा घातला. ४-२.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा हा पहिला आशियाई. आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा भारत हा आशियातला पहिला देश. पाकिस्तान नाही, जपान नाही, कोरिया नाही.

आणखी एक गंमत, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. हा गोवेकर मुलगा भारताचा गणवेश घालून यजमानांना तीन गोल घालत होता तेव्हा त्याच्या आईबापांचं गोवं पोर्तुगालच्या ताब्यात होतं. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. गोवं मोकळं व्हायला अजून पाच वर्षं होती. नेव्हिलनं याबद्दल भाषण केलं असेल असं मला वाटत नाही. तो फॉरवर्ड होता.

४ डिसेंबरला उपांत्य सामना, मेलबर्न क्रिकेट मैदानावर. समोर तोच युगोस्लाव्हिया, हेलसिंकीचे दहा गोलवाले. पूर्वार्ध ०-० गेला. पन्नास मिनिटं हा संघ आपल्याला एकही गोल करू शकला नाही, आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलनं गोल केला. भारत पुढे!

दोन मिनिटं.

चौपन्नाव्या मिनिटाला बरोबरी झाली, सत्तावन्नाव्याला ते पुढे गेले, मग आणखी एक, मग आपल्याच खेळाडूकडून चुकून एक. ४-१ नं हरलो. पण त्या दोन मिनिटांत भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या दारात उभा होता. भारतीय फुटबॉलनं त्यापेक्षा उंच ठिकाणी पाय ठेवलेला नाही, आजवर.

७ डिसेंबरला ब्राँझपदकाचा सामना बल्गेरियाशी, त्याच मैदानावर. ०-३. पदक गेलं. तरी स्पर्धेतले सर्वाधिक चार गोल नेव्हिलच्या नावावर. त्याच्याबरोबरीनं दोघेच, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह. आणि आदल्याच दिवशी, ६ डिसेंबरला, आपल्या हॉकी संघानं पाकिस्तानला १-० नं हरवून सुवर्णपदक घेतलेलं. मी खेळाचं पान लावणारा माणूस. मला विचारा, त्या दिवसांतल्या पानावर मोठा मथळा कशाला गेला असता? मी स्वतःही हॉकीलाच दिला असता. फुटबॉल खाली, एक कॉलम.

पण ७ डिसेंबरची गोष्ट अजून संपली नाही. त्याच दिवशी, त्याच मैदानावर आणखी एक फुटबॉल खेळला गेला. यजमानांना तेव्हा आपला एक खेळ प्रदर्शनासाठी दाखवायची मुभा असायची. ऑस्ट्रेलियानं दाखवला तो त्यांचा स्वतःचा ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉल. त्याचं मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं पार केलात तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. हात लावायला हरकत नाही, उंच उडी मारून दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून चेंडू झेलायलाही हरकत नाही. पोरांनो, हसू नका. त्या दिवशी ८१ विरुद्ध ५५ असा निकाल लागला. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचं, म्हणून मानधन घेणारे सगळे मोठे खेळाडू बाहेर ठेवले होते. त्या मोठ्यांमध्ये होता वीस वर्षांचा रॉन बरासी.

हा बरासी म्हणजे मेलबर्नचा लाडका. त्याचे वडीलही मेलबर्न क्लबचे खेळाडू, १९४१ साली टोब्रुकच्या लढाईत मारले गेले. पोर तेव्हा पाच वर्षांचं. बाप ज्या क्लबसाठी खेळला त्याच क्लबकडे मुलगा यावा, यासाठी मेलबर्ननं नियमच करून घेतला. ऑलिंपिकच्या सव्वादोन महिने आधी, १५ सप्टेंबर १९५६ ला, याच मैदानावर त्यांचा वार्षिक अंतिम सामना झाला. प्रेक्षक १,१५,८०२. एक लाख पंधरा हजार! बरासीच्या संघानं १२१-४८ असा सामना जिंकला. त्या देशात फुटबॉल म्हणजे हे. आपला फुटबॉल त्यांच्या दृष्टीनं युद्धानंतर आलेल्या इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह स्थलांतरितांचा खेळ. म्हणजे नेव्हिलनं ज्या देशाला तीन गोल घातले, त्या देशाला ते लागलेसुद्धा नाहीत. आणि ज्या देशासाठी घातले, त्या देशाला हॉकी होती.

बरासी मेलबर्नकडून २०४ सामने खेळला, सहा विजेतेपदं घेतली. मेलबर्न क्रिकेट मैदानाबाहेर आज त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. २०२३ साली तो वारला तेव्हा सगळं शहर हळहळलं.

नेव्हिल मेलबर्नहून परत आला आणि कामावर हजर झाला. टाटांशिवाय तो कॅल्टेक्स या तेल कंपनीकडूनही खेळला. १९५८ साली कॅल्टेक्सनं कूपरेजवर मोहन बागानला हरवून रोव्हर्स कप घेतला. मुंबईच्या एका कंपनीच्या नोकरदारांनी कलकत्त्याचा बलाढ्य संघ हरवला, ही त्या काळातली मोठी गोष्ट. त्यानंतर वीस वर्षांत कॅल्टेक्स सरकारनं ताब्यात घेऊन हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन केली. कंपनीच्या नावाबरोबर संघाचं नावही गेलं. ज्या पेट्रोलपंपावर काल आम्ही डिझेल भरलं तो याच हिंदुस्थान पेट्रोलियमचा, तिथे मी पाटीकडे बघत उभा राहिलो. ड्रायव्हरला वाटलं, मी भाव वाचतोय.

१९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. पहिल्या वर्षी फुटबॉलसाठी तो पी. के. बॅनर्जींना मिळाला, आणि योग्यच मिळाला. त्यानंतर बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग, सगळे त्या मानाचे धनी. नेव्हिल डिसोझाचं नाव त्या यादीत नाही. १७ मार्च १९८० ला मेंदूतल्या रक्तस्रावानं तो गेला. वय सत्तेचाळीस.

मी त्याचं नाव पहिल्यांदा वाचलं ते सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई कोण? उत्तर कंसात. सबंध माणूस एका कंसात बसवलेला. मला राग येतो तो याचा. पुतळा, पुरस्कार या सरकारी गोष्टी, त्या मिळाल्या तर मिळाल्या. नेव्हिलचे चार गोल आपल्याला मिनिटासकट माहीत आहेत, कारण ऑलिंपिकच्या टेबलाशी बसलेल्या कुणीतरी ते घड्याळ बघून लिहून ठेवले. कूपरेजवरच्या किती शनिवारी त्यानं किती गोल घातले, कोणत्या पायानं, पावसात की उन्हात, ते त्या वेळी पाहणाऱ्या हजारो माणसांच्या डोक्यात होतं आणि ती माणसं एकेक करून गेली.

म्हणून काल रात्री गुरुजींचं रजिस्टर हातात आलं तेव्हा मी जेवण अर्धं सोडलं. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय, पण तुमच्या सवयीचं असल्यामुळे वाचलं नसेल. लाल कापडी पाठीचं, कोपरे वाळवीनं खाल्लेले. प्रत्येक पानावर तारीख, दोन टोळ्यांची नावं, गोल करणाऱ्याचं नाव, इयत्ता. काही ठिकाणी शेरे. एका नोंदीत म्हटलंय: ‘पाऊस. चेंडू नाल्यात गेला. सामना संपला.’ दुसरीकडे: ‘डाव्या पायानं मारला, शाबास.’ यात ठाकूरदेवाच्या यात्रेच्या दिवसांतलेही सामने आहेत, मोहफुलं वेचायला पोरं गेल्यामुळे न झालेलेही आहेत, आणि न झालेल्या सामन्याचं कारणही गुरुजींनी लिहिलंय. हा माणूस आमच्या संपादकापेक्षा काटेकोर होता. मैदानावर कोण पडलं, कोण उठलं, कोणाचं नाव काय, हे सगळं एका मास्तरानं बॉलपेननं धरून ठेवलं.

गुरुजी गेले त्या महिन्यानंतर रजिस्टरची पानं कोरी आहेत. मी मोजली, एकशे बारा आहेत.

आज सकाळचा सामना मी शेवटपर्यंत पाहिला. ३-२ झाला. चौथा गोल बुटाला लागून आत गेला आणि त्यावरून भांडण झालं, ते मिटलं नाही. गोल कुणी केले ते मला माहीत नाही, पण ती पोरं इथे दुसऱ्या रांगेत बसली आहेत. चहा यायला अजून अवकाश आहे. रजिस्टर या टेबलावर उघडून ठेवलंय, पेन माझ्याकडे आहे. तुम्ही एकेक करून या आणि आपापलं नाव सांगा.